शुगर उतरली ती कोणामुळे? बीटा पेशी वाचवण्याच्या एका प्रयत्नाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या एका बालमधुमेह क्लिनिकमध्ये मी डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते. सुई कशी धरायची, भाकरी कशी मोजायची, सहलीला जाताना डब्यात काय ठेवायचं, हे सांगणं माझ्याकडे असतं. औषध लिहून देणं माझ्याकडे नाही. खालचं प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधाची मात्रा मात्र मुद्दाम लिहिलेली नाही, त्याचं कारण पुढे येईल.

पार्श्वभूमी

2023 साली श्रावण अधिक होता. ईश्वरी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत, शाळेच्या खो-खो संघात. राहायला हडपसर. वडील रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, आई घरी ब्लाउज शिवते, आजी सोबत, आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ. धोंड्याच्या जेवणाला सगळे दौंडला आजोळी गेले होते. तिथे ईश्वरीने एका दुपारी पाण्याची कळशी जवळजवळ एकटीने संपवली. अनारसे जास्त झाले, म्हणून तहान लागली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. त्याआधी महिनाभर ती बारीक होत होती, ते खो-खोच्या सरावाच्या खात्यावर गेलं. रात्री तीनतीनदा उठत होती, ते पाणी जास्त प्यायल्याच्या खात्यावर.

परत आल्यावर घराजवळच्या डॉक्टरांनी आधी लघवीचा जंतुसंसर्ग धरून औषध दिलं. तीन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनीच बोटाला सुई टोचून बघितली. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, इंग्रजीत ‘हाय’ अशी अक्षरं आली. मशीनच्या मोजमापापलीकडे शुगर गेली की ती येतात. ईश्वरी म्हणाली, “मशीन हाय म्हणतंय मला.” आई हा प्रसंग सांगताना अजूनही आधी हसते, मग गप्प होते.

भरती केलं तेव्हा रक्तातली शुगर 612, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टक्केवारी) 11.8, रक्ताचा पीएच 7.24. म्हणजे कीटोआम्लता होती, इन्सुलिन कमी पडून कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होतं ती अवस्था, सौम्य प्रकारातली. चार दिवसांत घरी सोडलं. सोबत दोन इन्सुलिन पेन: रात्रीचं लांब पल्ल्याचं आणि जेवणाआधीचं झटपट. दिवसाला एकूण 34 युनिट, वजन 37 किलो. गॅड आणि आयए-2 या दोन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटली आहे, याचा हा पुरावा. म्हणजे टाइप 1 मधुमेह.

अडचण

डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांनी वडील फाइल घेऊन आले. कारखान्यात सुट्या भागांचे माप-आलेख काढतात, तसाच त्यांनी लेकीच्या शुगरचा काढला होता. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ, मध्ये ठिपके. फाइलच्या शेवटी अमेरिकेतल्या एका औषध-चाचणीच्या निबंधाची छापील प्रत होती, हायलायटरने पिवळी केलेली.

त्यांचा प्रश्न सरळ होता. “मॅडम, सगळ्या पेशी अजून मेलेल्या नाहीत ना? मग ज्या आहेत त्या वाचवायचं औषध का देत नाही?”

प्रश्न चुकीचा नव्हता. टाइप 1 चं निदान होतं त्या दिवशी बहुतेक मुलांमध्ये काही बीटा पेशी शिल्लक असतात आणि थोडंफार इन्सुलिन बनवत असतात. ते मोजायला सी-पेप्टाइड वापरतात. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्या जोडीने तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. पेनमधल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, त्यामुळे घरचं किती आणि बाहेरचं किती, हे वेगळं करता येतं. ही शिल्लक थोडी असली तरी तिला किंमत आहे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांची आकडेवारी पाहिली, तर ज्यांच्यात थोडं सी-पेप्टाइड उरलं होतं त्यांना शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग आणि डोळ्यांच्या पडद्याचे त्रास कमी झाले होते.

म्हणून खरा प्रश्न होता तो असा: या मुलीला, इथे, आत्ता, काय देता येतं; त्यातून काय मिळू शकतं; आणि ते मिळालं की नाही हे आपल्याला कळणार कसं? यातल्या शेवटच्या भागावर आम्ही त्या दिवशी पुरेसं बोललो नाही.

समोर असलेले पर्याय

आमच्या डॉक्टर मॅडमनी दोन बैठकांत पर्याय मांडले. मी टिपणं काढत होते.

पहिला पर्याय, फक्त इन्सुलिन, पण नीट. हा दुय्यम पर्याय नाही. शुगर आटोक्यात राहिली की उरलेल्या पेशींवरचा ताणही कमी होतो. काहीही जास्तीचं न करणं हा पूर्णपणे जबाबदार निर्णय ठरला असता. हे वाक्य मॅडमनी दोनदा उच्चारलं, कारण वडिलांच्या चेहऱ्यावर “म्हणजे काहीच करायचं नाही?” असं लिहिलेलं होतं.

दुसरा, टेप्लिझुमॅब. वडिलांनी त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वाचलं होतं. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरच्या सीडी3 या खुणेला चिकटून त्यांचा हल्ला सौम्य करणारं हे औषध. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर 2022 मध्ये त्याला मंजुरी दिली, ती मात्र ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही त्यांच्यासाठी. दोन किंवा अधिक अँटीबॉडी पॉझिटिव्ह, शुगर थोडी बिघडायला लागलेली, पण लक्षणं नाहीत, याला दुसरा टप्पा म्हणतात. अशा आठ वर्षांच्या आणि त्यावरच्या लोकांना चौदा दिवस रोज शिरेतून औषध द्यायचं. ज्या चाचणीवर ही मंजुरी उभी आहे तिच्यात 76 जण होते. औषध न मिळालेल्यांमध्ये निदान होईपर्यंत मध्यगा 24.4 महिने गेले, मिळालेल्यांमध्ये 48.4. साधारण दोन वर्षांची उसंत. ईश्वरी तो टप्पा ओलांडून तिसऱ्यात, म्हणजे लक्षणं आणि निदानाच्या टप्प्यात, आली होती. शिवाय औषध तेव्हा भारतात मंजूर नव्हतं आणि अमेरिकेतली चौदा दिवसांची किंमत एक लाख 93 हजार 900 डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने दीड कोटी रुपयांच्या वर. वडिलांनी हा हिशेब घरीच केला होता. “फ्लॅट विकला तरी अर्धंच होतं,” एवढंच म्हणाले.

तिसरा, व्हेरापामिल. रक्तदाब, छातीतली कळ आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांसाठी कित्येक दशकं वापरात असलेली गोळी. कोणत्याही केमिस्टकडे मिळते, स्वस्त आहे. प्रतिकारशक्ती ती दाबत नाही. बीटा पेशीत जाणारं कॅल्शियम कमी करते आणि त्यामुळे पेशीला मरणाकडे ढकलणारं टीएक्सएनआयपी हे प्रथिन कमी होतं, असा सिद्धांत. मी पालकांना असं सांगते: घरावर दगड पडतायत, तर टेप्लिझुमॅब मारणाऱ्यांचे हात धरतं, व्हेरापामिल खिडक्यांना जाळी बसवतं. दगड पडतच राहतात.

वडिलांच्या पिवळ्या निबंधात याच गोळीची 2023 साली प्रसिद्ध झालेली चाचणी होती. 7 ते 17 वयाची 88 मुलं, निदानापासून 31 दिवसांच्या आत औषध सुरू. वर्षभराने व्हेरापामिल घेणाऱ्यांचं सी-पेप्टाइड जवळपास होतं तिथेच राहिलं (0.66 वरून 0.65), नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांचं 0.60 वरून 0.44 वर आलं. फरक तीस टक्क्यांचा. पण त्याच तक्त्यात खाली बघायला हवं होतं. वर्षअखेर एचबीए1सी 6.6 आणि 6.9, इन्सुलिनची गरज किलोमागे 0.65 आणि 0.74 युनिट. म्हणजे दोन्ही गटांतली मुलं इन्सुलिन घेतच होती आणि रोजच्या जगण्यात दिसेल असा फरक बारीक होता. ही ओळ पिवळी केलेली नव्हती.

चौथा पर्याय, एखाद्या चाचणीत नाव घालणं. तिच्या वयाला आणि वेळेला बसेल अशी आमच्या आवाक्यात सापडली नाही.

आजीकडे पाचवा पर्याय होता: दौंडकडचा काढा, ‘तीन महिन्यांत सुई सुटते’ अशी ख्याती असलेला. त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आजी, काढा द्यायचा की नाही ते नंतर बोलू. सुई सुटणार असं जो कोणी म्हणेल त्याचं मात्र काहीही द्यायचं नाही.” नियम चांगला होता. आमच्याच गोळीच्या बाबतीत तो पुढे विसरला गेला.

निर्णय आणि सुरुवात

आईचं मत इन्सुलिनवरच थांबावं असं होतं. “रोज चार टोचण्या आहेतच, त्यात हृदयाची गोळी कशाला?” वडील व्हेरापामिलच्या बाजूने. मॅडमनी कुठलीही बाजू ओढली नाही. ही गोळी या आजारासाठी मंजूर नाही, पुरावा एका छोट्या चाचणीचा आणि प्रौढांवरच्या त्याहून छोट्या अभ्यासाचा आहे, आणि हृदयाचे ठोके मंद होणं, रक्तदाब उतरणं, बद्धकोष्ठता हे त्रास ठाऊक आहेत, हे त्यांनी मराठीत लिहून दिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. बालहृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी पाहून हरकत नाही म्हटलं.

घाई होती ती 31 दिवसांची. निदान 9 ऑगस्टचं, म्हणजे हातात 9 सप्टेंबरपर्यंतचा वेळ. चाचणीत जी मर्यादा होती ती पाळायची, नाहीतर त्या आकड्यांचा आधार घेण्यात अर्थ उरत नाही, हा मॅडमचा आग्रह होता.

त्याआधी एक काम नीट झालं. भरतीच्या दिवशी केलेलं सी-पेप्टाइड 0.4 आलं होतं. तो आकडा बाजूला ठेवला. शुगर आठवडेच्या आठवडे चढलेली असते तेव्हा जिवंत पेशीही दमून गप्प बसतात, तेव्हाचं मोजमाप फसवं निघतं. 1 सप्टेंबरला सकाळी उपाशीपोटी, ठरलेल्या मापाचं पोषक पेय पाजून, नव्वद मिनिटांनी पुन्हा रक्त घेतलं. उपाशीपोटी 0.7, पेयानंतर 1.8.

वडिलांचा चेहरा उजळला. “चाचणीतली मुलं 0.66 ला होती, आमची 1.8 ला आहे. तिप्पट!”

इथे एककांचा घोळ होता. पुण्यातल्या लॅब सी-पेप्टाइड नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, निबंधात ते नॅनोमोलच्या हिशेबात होतं. एक नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे साधारण तीन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ईश्वरीचे 1.8 म्हणजे तिकडचे 0.6. शिवाय तिकडचा आकडा अनेक नमुन्यांची सरासरी, आमचा एका नमुन्याचा. तिप्पट वगैरे काही नव्हतं, ती त्या मुलांसारखीच होती. ज्या माणसाचं पोट मिलिमीटर आणि मायक्रॉन वेगळे ओळखण्यावर चालतं, त्याच्याकडून ही चूक झाली. आशा असली की एकक दिसत नाही.

4 सप्टेंबरला पहिली गोळी घेतली. एक गोष्ट मला टिपणं पुन्हा वाचताना लक्षात आली. दोन्ही बैठकांत ईश्वरी खोलीत होती आणि तिचं एकही वाक्य माझ्या टिपणात नाही.

मधला घोळ

गणपती आले, उकडीचे मोदक आम्ही युनिटमध्ये मोजायला शिकवले. आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ईश्वरीची इन्सुलिनची गरज कोसळायला लागली. 34 वरून 22, मग 16, दिवाळीपर्यंत 11 युनिट. वजन 41 किलोवर गेलं होतं. सरावात तिसऱ्या डावाला पाय थरथरले की ती मैदानाच्या कडेला बसून ग्लुकोजचं पाकीट फोडायची. नोव्हेंबरात एचबीए1सी 6.4.

हे होणार, हे आम्हाला माहीत होतं. निदानानंतर इन्सुलिन सुरू झालं की दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि काही महिने गरज खूप कमी होते. याला हनिमून फेज म्हणतात. मोजायचा एक सोपा हिशेब आहे: एचबीए1सी मध्ये किलोमागच्या दैनंदिन युनिटांची चौपट मिळवायची, बेरीज 9 किंवा कमी आली तर हा काळ चालू आहे असं धरतात. ईश्वरीचे 6.4 अधिक चार गुणिले 0.27, म्हणजे 7.5. हा काळ व्हेरापामिल न घेणाऱ्या मुलांनाही येतो.

मग सांगितलं कसं नाही? सांगितलं होतं, पण कसं ते लिहायला हवं. तेरा वर्षांची मुलगी, तिची आजी आणि वडील समोर बसलेले, आणि मी म्हणाले, “याला हनिमून फेज म्हणतात.” आजीने पदर सावरला, ईश्वरी खिडकीबाहेर बघायला लागली, वडील घाईने मान हलवून पुढच्या कागदाकडे वळले. मीही पुढे सरकले. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा एका अवघड शब्दापायी अर्ध्या मिनिटात उरकला. आता आम्ही ‘सवलतीचा काळ’ म्हणतो.

घरात मात्र गणित असं मांडलं गेलं: 4 सप्टेंबरला गोळी, महिन्याभरात इन्सुलिन निम्मं, म्हणजे गोळी लागू पडली. वडिलांनी आलेखावर त्या तारखेला हिरवी उभी रेघ मारली होती. त्या रेघेच्या उजवीकडचे ठिपके खरोखरच सुंदर होते. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तो आलेख गेला. दोन दिवसांत मला वाकडहून एका अनोळखी बापाचा फोन आला: “मुलगा सहा वर्षांचा, निदान होऊन दोन वर्षं झालीत, गोळी अर्धी देऊ का पूर्ण?” मात्रा न लिहिण्याचं कारण हा फोन.

डिसेंबरात मेलबर्नच्या चाचणीची बातमी आली. बॅरिसिटिनिब ही गोळी, 10 ते 30 वयाचे 91 जण, निदानानंतर शंभर दिवसांच्या आत सुरुवात. 48 आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं सी-पेप्टाइड जास्त टिकलेलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, हीच गोळी भारतात आपत्कालीन परवानगीने वापरली गेली होती, त्यामुळे नाव ओळखीचं. वडिलांचा रात्री मेसेज: “ही पण सुरू करू या का?” यावर निर्णय लवकर झाला. शंभर दिवस नोव्हेंबरातच संपले होते. आणि ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते, दबलेला क्षय उसळण्याची जोखीम तिच्यासोबत येते. ईश्वरीचे आजोबा दोन वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार पूर्ण करून बरे झाले होते. मॅडम नको म्हणाल्या, वडिलांनी मानलं.

त्याच महिन्यात मार्गशीर्षातलं एक लग्न होतं. रात्रीचं इन्सुलिन तोवर चार युनिटवर आलेलं. मंडपात पेन काढायला ईश्वरीला लाज वाटली, आई म्हणाली राहू दे एक दिवस. सकाळी शुगर 108. दुसऱ्या दिवशीही दिलं नाही, 117. मावशी म्हणाली, “सुटलं गं बाई!” पंधरा दिवस रात्रीचं पेन फ्रिजच्या दारात पडून राहिलं. आम्हाला कोणी कळवलं नाही, कारण कळवावं असं काही वाईट घडतच नव्हतं.

3 जानेवारी 2024 ला ईश्वरीला ताप आला. ताप आला की इन्सुलिनची गरज वाढते, हे निदानाच्या आठवड्यात शिकवलं होतं, पण आजार ‘उतरलेल्या’ मुलीला ते लागू आहे असं कोणाला वाटलं नाही. रात्री साडेदहाला आईचा फोन. शुगर 348, दोन उलट्या.

“कीटोन बघितले?”

“पट्ट्या कुठे आहेत तेच सापडत नाही ताई.”

“रात्रीचं इन्सुलिन दिलं का आज?”

फोनवर शांतता. मग मागून ईश्वरीचा आवाज आला, “आई, सांग ना त्यांना. बंद केलंय म्हणून.”

रात्रभर सलाइन आणि इन्सुलिन चाललं. लघवीत कीटोन तीन प्लस, पीएच 7.31. कीटोआम्लतेच्या उंबरठ्यावरून परतली. सकाळी वडिलांनी आलेखाची घडी करून खिशात ठेवलेली मी पाहिली. त्यांना कोणी रागावलं नाही. रागावण्याचा हक्क आम्हाला नव्हताच.

त्यानंतर काय बदललं

फेब्रुवारीत एक पूर्ण तास ठेवला, फक्त एका वाक्यासाठी: ही गोळी इन्सुलिनच्या जागी नाही. ती लागू पडली आहे का, हे आज रोजच्या शुगरवरून किंवा युनिटांवरून कोणालाही सांगता येणार नाही, आम्हालाही नाही. सप्टेंबरात वर्ष भरेल तेव्हा पेय पाजून पुन्हा सी-पेप्टाइड करू, आणि तेव्हाही जे दिसेल ते एका मुलीचं असेल. गोळी न घेणारी दुसरी ईश्वरी आपल्याकडे तुलनेला नाही.

फ्रिजवर एक कागद लागला, अक्षर ईश्वरीचं. रात्रीचं इन्सुलिन क्लिनिकला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नाही, एक युनिट उरलं तरी. ताप, उलटी आली की कीटोन पट्टी आधी, फोन नंतर. नाडी मिनिटाला 55 च्या खाली किंवा चक्कर आली तर गोळी थांबवून कळवायचं. आणि पेयानंतरचं सी-पेप्टाइड 0.6 नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर गोळी बंद. कंसात एककही तिनेच लिहिलं.

कंपासपेटीत गोळीचं नाव लिहिलेलं कार्डही ठेवायला दिलं. ते मार्चमध्ये कामाला आलं. खोकल्यासाठी घराजवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं होतं. हे प्रतिजैविक शरीरात व्हेरापामिल साठवून ठेवतं, रक्तदाब आणि ठोके दोन्ही घसरू शकतात. आईने कार्ड दाखवलं, त्यांनी औषध बदललं.

बद्धकोष्ठता पहिल्या महिन्यापासून होती. इसबगोल, पेरू, पाणी यांनी ती कमी झाली, गेली नाही. याविषयी ईश्वरीने आईलाही नीट सांगितलं नव्हतं. मला तिने सांगितलं ते जवळजवळ वर्षाने.

धाकट्या भावाचा प्रश्न

टाइप 1 असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य आकडेवारीत साधारण वीसात एक आहे. अँटीबॉडी तपासता येतात. दोन किंवा अधिक निघाल्या तर पुढच्या दहा वर्षांत दहापैकी सुमारे सात मुलांना मधुमेह होतो, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. टेप्लिझुमॅबचा खरा विषय इथे येतो, ईश्वरीपाशी नाही.

वडिलांना तपासणी हवी आहे. आई म्हणते, “कळून करू काय? दीड कोटी आहेत का?” मला दोघांचंही पटतं. तपासणीचा एक फायदा औषधाशिवायही आहे: धोका माहीत असलेलं मूल उलट्या होईपर्यंत थांबत नाही, अतिदक्षता विभागात पोचत नाही. पण तेवढ्यासाठी घरात ग्लुकोमीटर आहे आणि आईला आता तहान आणि अनारसे यांतला फरक कळतो. तपासणी अजून झालेली नाही. आम्ही दर भेटीला एकदा विचारतो, दोनदा नाही.

निष्पत्ती

सप्टेंबर 2024 मध्ये, वर्षाने, पेयानंतरचं सी-पेप्टाइड 1.6, एचबीए1सी 6.9, इन्सुलिन 24 युनिट, वजन 46 किलो. ईसीजी ठीक. चाचणीतल्या औषध गटाशी जुळणारं चित्र. औषध न घेताही काही मुलांचं असं राहतं. ऑगस्ट 2025 मध्ये 0.8, एचबीए1सी 7.2, इन्सुलिन 38 युनिट. जानेवारी 2024 नंतर एकदाही भरती नाही. जिल्हा पातळीवरच्या खो-खो सामन्यांत ती खेळली, कमरेच्या पाऊचमध्ये ग्लुकोज ठेवून.

वडिलांनी विचारलं, “म्हणजे उपयोग झाला ना?” मॅडम म्हणाल्या, “झाला असावा. शपथेवर विचाराल तर माहीत नाही.”

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, गोळी सुरू करण्याआधीच ‘यश कशाला म्हणायचं’ हे लिहून ठेवायला हवं होतं. ते आम्ही पाच महिने उशिरा, एका रात्रीच्या सलाइननंतर लिहिलं. संमतिपत्रात धोक्यांचे सात मुद्दे होते, अपेक्षेचा एकही नव्हता. माझ्या मते या प्रकरणातला मोठा धोका व्हेरापामिलचा नव्हता, त्याच्याविषयीच्या चांगल्या बातमीचा होता, आणि ती बातमी सवलतीच्या काळाच्या मुहूर्तावर आली.

दुसरं, रात्रीचं इन्सुलिन चार युनिटवर आलं त्या दिवशी आपणहून फोन करायला हवा होता. इन्सुलिन वाढतं तेव्हा आम्ही आठवड्याला फोन करतो, कमी होतं तेव्हा खूश होऊन महिन्याची तारीख देतो. आता हे उलटं केलं आहे. दहा युनिटच्या खाली आलेल्या प्रत्येक घरी दर सोमवारी फोन जातो.

व्हेरापामिल द्यायलाच नको होतं का? आईचं अजून तसंच मत आहे आणि ती चुकते असं मला म्हणता येत नाही. पण तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर, ईसीजी आणि मुदत पाळून घेतलेला तो निर्णय मला आजही चालेल.

ज्याचं समर्थन करता येत नाही ते एकच: 2023 मध्ये ईश्वरीचं मत आमच्या टिपणात कुठेच नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे गोळी चालूच राहणार होती, कारण 0.8 हे 0.6 च्या वर आहे. मॅडम ते सांगत असताना ईश्वरी मध्येच म्हणाली, “मला नकोय आता. दोन वर्षं झाली. दहावी आहे आणि सकाळी वीस मिनिटं बाथरूममध्ये जातात.” वडील काही बोलणार होते, आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मॅडमनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि 2023 मध्ये जे तिच्या आईवडिलांना सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, प्रौढांमध्ये गोळी थांबवल्यावर घसरण दिसली होती हेसुद्धा. तिने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक एककाबद्दल होता.

गोळी ऑक्टोबरात थांबली. पुढचं सी-पेप्टाइड जानेवारीत, पूर्वपरीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशी. तारीख तिने दिली आहे.